शिक्का कोणाकडे आहे?

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण पेपरात दर आठवड्याला वाचतो. अमक्याच्या उमेदवारीवर शिक्कामोर्तब, तमक्या बजेटवर शिक्कामोर्तब. मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे मला बरीच वर्षं तो एकच शब्द वाटायचा. नंतर कळलं की ते दोन वेगळे ठसे आहेत. शिवकाळातल्या पत्रांवर शिक्का, म्हणजे मुख्य मुद्रा, वरच्या भागात उमटवत आणि मजकूर संपला की खाली छोटं मोर्तब. मोर्तबाचा अर्थ साधा आहे: मजकूर इथे संपला. त्याखाली कोणी एक ओळ जरी घुसडली तरी वाचणाऱ्याला कळावं. पत्र कोणाचं हे शिक्का सांगतो, आणि पत्र तेवढंच आहे हे मोर्तब सांगतं.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये हा इतिहासाचा तास कशाला? सांगते. आपल्यापैकी निम्मे लोक फायनल इयर प्रोजेक्टमध्ये डॉकर वापरतात. कोड, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, सेटिंग असं सगळं एका डब्यात भरायचं, त्या डब्याला इमेज म्हणायचं, आणि तो डबा कुठल्याही मशीनवर उघडला की आतलं जेवण तसंच्या तसं. छान आहे. पण डबा भरला कोणी, आणि वाटेत कोणी झाकण उघडलं का, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. 2018 साली डॉकर हबवर एकाच अकाउंटच्या 17 इमेज पकडल्या गेल्या. आत लपवलेला प्रोग्राम लोकांच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टोकरन्सी खणत होता. पकडल्या जाईपर्यंत त्या 50 लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झाल्या होत्या! वरचं लेबल ओळखीचं दिसलं की आपण डबा उघडतो, बस्स.

यावरचा उपाय म्हणजे इमेजवर डिजिटल सही. इमेजचा एसएचए-256 डायजेस्ट काढायचा, म्हणजे 64 अक्षरांचा एक ठसा. आत एक बिट जरी बदलला तरी हा ठसा पूर्ण बदलतो. हे झालं मोर्तब. मग त्या ठशावर आपल्या प्रायव्हेट किल्लीने सही करायची, हा झाला शिक्का. पब्लिक किल्ली ज्याच्याकडे आहे तो कोणीही ती सही तपासू शकतो. ‘लेटेस्ट’ वगैरे टॅग म्हणजे नुसती चिकटवलेली चिठ्ठी. आज या डब्यावर, उद्या दुसऱ्या डब्यावर. सही नेहमी डायजेस्टवर असावी, टॅगच्या भरवशावर राहू नये.

(एक खुलासा. इंग्रजीतला ‘की’ मराठीत लिहिला की वाक्यात कुठला ‘की’ कुठला ते कळत नाही, हे मागच्याच वाक्यात बघा. नागपुरात आपण सगळे ‘चाबी’ म्हणतो, पण मराठी विभागाच्या मॅडमना ते चालणार नाही. म्हणून किल्ली.)

आता माझा मुद्दा. आपल्याला सिलॅबसमध्ये आरएसए आहे. दोन मोठ्या प्राइम संख्या घ्या, गुणा, मॉड्युलो काढा, आठ मार्क. गणित आपण सोडवतो. पण ती किल्ली तयार झाल्यावर ठेवायची कुठे, कोणाच्या हाती द्यायची, तो माणूस गेला तर काय करायचं, यावर एका मार्काचाही प्रश्न नाही. आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच होतो. गणितावर हल्ला करत बसायला कोणाला वेळ आहे? लोक किल्लीच उचलून नेतात. 2010 मध्ये सापडलेल्या स्टक्सनेटच्या ड्रायव्हर फाइलींवर रियलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानच्या दोन कंपन्यांच्या खऱ्याखुऱ्या सह्या होत्या. किल्ल्या चोरलेल्या. विंडोजने सह्या तपासल्या आणि बरोबर म्हणून आत घेतलं. सहीचं काम तिने चोख केलं!

कमांड लाइनवर बसून बघा, म्हणजे मी काय म्हणतेय ते पटेल. डॉकरमध्ये 2015 पासून कंटेंट ट्रस्ट नावाची सोय आली. ‘डॉकर ट्रस्ट की जनरेट’ आणि पुढे तुमचं नाव टाइप करा. दोनदा पासफ्रेज विचारतो, एका सेकंदात जोडी तयार. पब्लिक किल्लीची फाइल तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथे पडते, डोळ्यांसमोर. प्रायव्हेट किल्ली मात्र होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या डॉकर फोल्डरमध्ये, ट्रस्टच्या आत, प्रायव्हेटच्या आत जाऊन बसते. नव्या पोराला ती तिथे आहे हे माहीतही नसतं. मग ‘डॉकर ट्रस्ट साइनर ॲड’ म्हणून रिपॉझिटरीला सही करणाऱ्याचं नाव जोडायचं. इथे पहिल्यांदा करताना आणखी दोन किल्ल्या जन्माला येतात: एक मूळ किल्ली, म्हणजे रूट, आणि एक रिपॉझिटरीची. त्यांचेही पासफ्रेज. शेवटी ‘डॉकर ट्रस्ट साइन’. झालं. कमांड तीन, किल्ल्याही तीन, आणि बहुतेक जण तिन्हींना एकच पासफ्रेज देतात. कॉलेजचं नाव आणि पुढे 123.

या किल्ल्यांची रचना खरं तर फार विचार करून केलेली आहे. मूळ किल्ली क्वचितच लागते, म्हणून ती ऑफलाइन, कपाटात ठेवायची. तिच्या जोरावर रिपॉझिटरीची किल्ली चालते. रोजच्या सह्या करणाऱ्यांच्या वेगळ्या किल्ल्या, त्यातली एखादी गेली तर तेवढीच रद्द करायची. मूळ किल्ली शाबूत असेल तर खालची कुठलीही बदलता येते. आपल्याकडे हे नवीन नाही बरं का. पेशव्यांच्या शिक्क्यावर आधी छत्रपतींचं नाव असे आणि मग प्रधान म्हणून पेशव्याचं. हा अधिकार माझा नाही, वरून आलेला आहे, हे शिक्क्यावरच कोरलेलं. पद मिळालं की शिक्के-कट्यार मिळे. आणि शाहू महाराज 1749 मध्ये गेल्यावर पुढच्या शिक्क्यावर राजाराम हे नाव आलं. वरची किल्ली बदलली की खालचा शिक्का नवा पाडायचा. आमच्या सिक्युरिटीच्या पुस्तकात ‘ट्रस्ट चेन’वर एक भलंमोठं चॅप्टर आहे. त्याऐवजी हा एक पॅरा टाकला असता तर पोरांना पटकन समजलं असतं.

आता गोष्ट आमच्याच कॉलेजच्या एका क्लबची, नाव नको. मी फर्स्ट इयरला असताना क्लबने लॅबसाठी एक इमेज बनवली होती. आत जीसीसी, पायथन, मायएसक्यूएल, प्रॅक्टिकलला लागणारं सगळं. एका सीनियर दादाने हौसेने ती साइनही केली, आणि लॅबच्या साठ मशीनवर कंटेंट ट्रस्टचं सेटिंग एकवर टाकलं. म्हणजे सही नसेल तर इमेज घेऊच नये. अख्ख्या नागपुरात किती कॉलेजांनी हे केलं असेल सांगा! मला तो दादा ग्रेटच वाटतो. पण तिन्ही किल्ल्या त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. दादा पास आउट झाला, बेंगळुरूला लागला, कंपनीने लॅपटॉप दिला, जुना फॉरमॅट करून सीताबर्डीत विकला. पुढच्या बॅचने पायथनची नवी व्हर्जन टाकायला घेतली तेव्हा सही होईना. दादाला फोन केला. तो म्हणाला, “अरे, पासफ्रेज आठवते नं मले, पण चाबीच नाही राहिली.”

मूळ किल्ली हरवली की ती परत मिळवायचा मार्ग नाही. डॉकरच्या माहितीपुस्तिकेतही तेच लिहिलं आहे. सपोर्टला सांगून रिपॉझिटरीचा ट्रस्ट रीसेट करून घ्या आणि मग जुन्या किल्लीवर विश्वास ठेवून बसलेल्या प्रत्येक मशीनला समजवा. साठ मशीन. परीक्षा आठवड्यावर. मग काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. कोणीतरी संध्याकाळी बसून साठही मशीनवर एकचा शून्य केला. तो आजही शून्यच आहे. आज त्या लॅबमध्ये कोणीही कुठलीही इमेज आणून ‘लेटेस्ट’ची चिठ्ठी चिकटवली तर मशीन हूं की चूं करणार नाही.

मी यात दादाला दोष देत नाही. जाताना त्याच्याकडून लायब्ररीची पुस्तकं मागितली, ड्यूज क्लिअर करून घेतले, ड्राफ्टरसुद्धा ज्युनियरने अर्ध्या किमतीत घेतला. किल्ली मागायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. नो ड्यूजच्या फॉर्मवर अकरा सह्या लागतात आणि त्या अकरांत ही एक नाही.

हे सगळं मी घरी आबाजींना सांगत होते. ते काटोल तालुक्यात तलाठी होते, आता रिटायर्ड. कंटेनर वगैरे त्यांना कळलं नाही, पण एवढं बरोबर विचारलं: “काहून बाई, तुमच्या शिक्क्याचा चार्ज कोणाकडे होता मंग?” त्यांच्या वेळी बदली झाली की चार्ज यादी व्हायची. दप्तर, नकाशे, पावती पुस्तकं आणि शिक्के. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, तारीख. शिक्का टेबलावर टाकून ते चहालाही जात नसत. कारण त्या रबरी गोल शिक्क्याने कोणाचं वावर कोणाच्या नावावर दिसेल हे ठरायचं. आता सातबारा डिजिटल सहीचा मिळतो, 1 मे 2018 पासून. पंधरा रुपये भरा, घरी बसून काढा. सोय मोठी आहे, मला कौतुकच आहे त्याचं. पण त्याच्यामागेही शेवटी एक प्रायव्हेट किल्ली आहे आणि ती कोणातरी माणसाच्या किंवा कुठल्यातरी सर्व्हरच्या ताब्यात आहे. आबाजींचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

आणि घरोघरी बघा की. जीएसटी, टेंडर, कंपनीचे फॉर्म, सगळीकडे डीएससीचं ते यूएसबी टोकन लागतं. ते टोकन असतं कुठे? टॅक्सचं काम बघणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये, वीस-पंचवीस जणांची टोकनं रबरबँड लावून, आणि प्रत्येकावर चिकटवलेल्या कागदावर पासवर्ड. मालकाला विचारलं तर म्हणतो, विश्वासातला माणूस आहे. असेल नं. पण आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, 2000 सालच्या, कलम 42 सांगतं की प्रायव्हेट किल्ली आपल्या ताब्यात राहील याची योग्य काळजी ज्याच्या नावचं सर्टिफिकेट आहे त्यानेच घ्यायची, आणि ती फुटली तर उशीर न करता सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला कळवायचं. हे कलम आपल्याला प्रोफेशनल एथिक्सच्या पेपरला होतं, मी गाइडमधून दोन ओळी पाठ केल्या होत्या. त्या दोन ओळींत किती आहे ते आता कळतंय.

छोट्या दुकानदाराचंच कशाला, देशाच्या पातळीवरही हे झालेलं आहे. 2014 च्या जुलै महिन्यात गूगलच्या लक्षात आलं की त्यांच्याच डोमेनसाठी खोटी सर्टिफिकेटं फिरतायत, आणि ती दिली होती भारताच्या एनआयसीच्या सर्टिफाइंग ऑथॉरिटीने. सही अस्सल, सर्टिफिकेट बोगस! एनआयसीची सर्टिफिकेट देण्याची प्रक्रियाच कोणीतरी फोडली होती. एनआयसीची ती इंटरमीडिएट सर्टिफिकेटं रद्द केली गेली आणि गूगलने क्रोममध्ये भारताच्या रूटला गव्ह डॉट इन, निक डॉट इन अशा मोजक्या सात डोमेनपुरतं मर्यादित करून टाकलं. म्हणजे आपल्या शिक्क्याला जगाने म्हटलं, तुझ्या गल्लीत चालव, बाहेर नको. मला हे वाचून लाज वाटली होती, खरं सांगते.

यावर आमच्या वर्गातली काही हुशार मंडळी म्हणतात की हा सगळा जुना विषय आहे, डॉकर कंटेंट ट्रस्ट तर बंदच पडतंय. बरोबर आहे. डॉकर कंपनीने 2025 च्या जुलैमध्ये जाहीर केलं की आपल्या ऑफिशियल इमेजसाठी ही पद्धत गुंडाळतोय. कारण काय दिलं? डॉकर हबवरून जेवढ्या इमेज खेचल्या जातात त्यातल्या 0.05 टक्क्यांपेक्षाही कमी ठिकाणी ही तपासणी चालू होती. म्हणजे दहा हजारांत पाचही नाहीत. तपासायचं सेटिंग मुळात बंदच येतं, ते आपण एकवर टाकायचं असतं, आणि ते कोणी टाकलं नाही. दहा वर्षं सही करणारे सही करत राहिले आणि बघणारा कोणी नव्हता. आमच्या लॅबचा शून्य एकटा नाही तर!

आता त्याच्या जागी कोसाइन आलंय, 2021 मध्ये सुरू झालेल्या सिगस्टोअर प्रकल्पातलं. ‘कोसाइन जनरेट की पेअर’ म्हटलं की त्याच फोल्डरमध्ये दोन फाइली, एक प्रायव्हेट, एक पब्लिक. वापरायला सोपं, लपवाछपवी नाही. पण त्यामुळेच मी एका प्रोजेक्ट ग्रुपला दोन्ही फाइली कोडसोबत गिटहबवर ढकलताना पाहिलं आहे. वर पासफ्रेज रिकामी, कारण दर वेळी टाइप करायचा कंटाळा. दुसऱ्या ग्रुपने पासफ्रेज ठेवली, पण ती ज्या स्क्रिप्टमध्ये लिहिली ती स्क्रिप्ट किल्लीच्या शेजारी. दाराला कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवायची, हे आपल्या रक्तातच आहे की काय!

कोसाइनमध्ये किल्ली न सांभाळताही सही करता येते. ईमेल अकाउंटने लॉग इन करा, दहा मिनिटं चालणारं सर्टिफिकेट मिळतं, तेवढ्यात सही करा, किल्ली फेकून द्या. सहीची नोंद एका सार्वजनिक वहीत कायमची राहते, तुमच्या ईमेल पत्त्यासकट. कल्पना मला फार आवडली. दादासारखा घोळ यात होणारच नाही, कारण न्यायला आणि हरवायला काही उरतच नाही. ज्यांचा कोड ओपन आहे त्यांनी हेच करावं. पण मग किल्लीच्या जागी तुमचं अकाउंट येतं, आणि होस्टेलवर कोणाचा पासवर्ड कोणाला माहीत नाही? रूममेटने तुमच्या लॅपटॉपवरून दहा मिनिटांत काय काय साइन केलं ते त्या वहीत तुमच्या नावाने लिहिलेलं राहणार, खोडता येत नाही. तेव्हा माझं म्हणणं असं की शिकणाऱ्याने आधी किल्ली हातात घेऊन बघावी. ती कुठे ठेवायची या चिंतेने एक रात्र झोप उडाली पाहिजे. नंतर खुशाल बिनकिल्लीची सोय वापरा.

कोणी विचारेल, आपल्या प्रॅक्टिकलच्या इमेजला हात लावून कोणाला काय मिळणार? साठ मशीन रात्रभर चालू असतात, वीज कॉलेजची, एवढं पुरेसं आहे क्रिप्टोवाल्यांना. शिवाय याच इमेजवर आपली प्रॅक्टिकलची परीक्षा होते. आणि हीच सवय घेऊन आपण मिहानमध्ये, हिंजवडीत, बेंगळुरूत जाणार. तिथे डब्यात प्रॅक्टिकलचं जर्नल नसतं, बँकेचं पेमेंट असतं.

म्हणून आम्ही तिघांनी मिळून डिपार्टमेंटला अर्ज दिला आहे. कोसाइनवरच जायचं, पण किल्ली ठेवून, कारण आमची रजिस्ट्री कॉलेजच्या आतली आहे. सही करणाऱ्या प्रत्येकाची स्वतःची किल्ली, आणि लॅबच्या मशीनवर पब्लिक किल्ल्यांची यादी. फेअरवेलच्या आठवड्यात जाणाऱ्या बॅचच्या किल्ल्या यादीतून काढायच्या आणि चालू इमेज नव्या किल्लीने पुन्हा साइन करायची. ही यादी मशीनवर जाते ती एका मुख्य किल्लीने साइन होऊन. ती किल्ली दोन पेनड्राइव्हवर, पासफ्रेज सीलबंद पाकिटात, आणि पाकीट व पेनड्राइव्ह एका माणसाकडे कधीच नाही. एक साधं रजिस्टर: दिलं, घेतलं, तारीख, सही. आबाजींच्या चार्ज यादीवरून रकाने पाडलेत. नो ड्यूजच्या फॉर्मवर बारावी सही वाढवायची विनंतीही केली आहे. ती वाचून ऑफिसातल्या काकांनी कपाळाला हात लावला.

सरांना कल्पना आवडली आहे, पण एक पेनड्राइव्ह त्यांच्या कपाटात ठेवायला ते तयार नाहीत. त्यांच्या कपाटाची किल्ली शिपाई काकांकडे असते म्हणे. दुसरा लायब्ररीच्या तिजोरीत ठेवू म्हटलं तर लायब्रेरियन मॅडम विचारतात ॲक्सेशन नंबर काय टाकू. सध्या दोन्ही पेनड्राइव्ह रिकामे आहेत आणि लॅबमध्ये शून्य आहे.